मस्कतमध्ये अरबी ओपन सोर्सचा ग्रुप जमवला त्याची गोष्ट

मी मूळचा सांगलीचा. पुण्यात सहा-सात वर्षं नोकरी केली, तिथल्या लिनक्स (विंडोजसारखीच, पण कोड सगळ्यांना मोकळा असलेली ऑपरेटिंग सिस्टिम) युझर ग्रुपला नेमाने जायचो, आणि २०१५ ला मस्कतला आलो. मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला, म्हणाला मराठी सॉफ्टवेअरसाठी ग्रुप उभा करायचाय, तू तिकडे अरबीवाल्यांचा कसा केलास ते सांग. तासभर बोललो तरी निम्मंच सांगून झालं, म्हणून आता बसून सगळं लिहून काढतोय.

सुरुवात एका पावतीपासून झाली. आमची कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते, त्यात पेशंटला पीडीएफ पावती द्यायची सोय मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली होती. अल खुवैरच्या एका दवाखान्यात इन्स्टॉल करायला गेलो, रिसेप्शनवरच्या ओमानी बाईंनी पहिली पावती प्रिंटरमधून काढली, दोनदा फिरवून बघितली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, हे अरबी नाही. मला तेव्हा अरबीचं एक अक्षर येत नव्हतं, पण मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये अक्षरं एकमेकांना जोडलेली आणि माझ्या पावतीवर सगळी सुटी सुटी, एवढं मलाही दिसत होतं. वर ओळ उलटी छापली गेलेली. म्हणजे मराठीत ‘सलाम’ लिहायचं तिथे ‘म ला स’ आलं तर कसं वाटेल, तसं.

मराठी माणसाला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, रफार गायब होतो, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. अरबीत तेच, फक्त जास्त. २८ अक्षरं, आणि बहुतेक अक्षरांची चार रूपं, सुटं, सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. फाइलमध्ये अक्षर एकच साठवलं जातं, दाखवताना शेजारी कोण आहे ते बघून रूप निवडायचं असतं. हे काम हार्फबझ नावाचं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला-बदलायला मोकळा असलेलं, इंजिन करतं, तेच फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिसमध्ये आहे, आणि तेच आपली जोडाक्षरंही जुळवतं, म्हणजे एकाच दुकानात दोघांचं शिवणकाम. मी वापरत होतो त्या पीडीएफ लायब्ररीत, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडमध्ये, ते नव्हतं. त्या वेळी पायथॉनवाले अरबीसाठी दोन वेगळ्या लायब्रऱ्या जोडून काम भागवायचे, एक अक्षरं जोडायला आणि एक दिशा ठरवायला. दिशेचं प्रकरण तर अक्षरांहून अवघड, कारण अरबी ओळ उजवीकडून डावीकडे, पण तिच्यातला आकडा डावीकडून उजवीकडे, आणि मध्ये औषधाचं इंग्रजी नाव आलं की ते परत डावीकडून. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या लिहायच्या जागतिक प्रमाणकात, याचा सगळा नियम लिहून ठेवलाय, पण तो पाळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक काका राहायचे, पंचवीस वर्षं मस्कतमध्ये, त्यांना कुराण वाचायची लहानपणापासून सवय. त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांनी अलिफ, बे पासून गिरवायला लावलं आणि मी एकेक अक्षर सुटं वाचायला लागलो की म्हणायचे, “अरे, ती हातात हात घालून चालतात, तू त्यांना वेगळी कशाला काढतोस?” दोन महिन्यांत मला अर्थ कळत नसला तरी अक्षरं जुळलीत की नाहीत एवढं ओळखता यायला लागलं आणि पावती दुरुस्त झाली. कंपनीच्या परवानगीने तो तुकडा वेगळा काढून ओपन सोर्स म्हणून टाकला, २०१७ च्या सुरुवातीला. एवढं मोठं काही नव्हतं, अरबी मजकूर नीट छापणारी छोटीशी लायब्ररी. पण आठ दिवसांत कैरोहून एक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेली दुरुस्ती, आला, मग ट्युनिसहून एक प्रश्न, आणि मला वाटलं की इथे माणसं आहेत, फक्त एकत्र यायला जागा नाहीये.

अर्थात जागा नव्हती असं म्हणणं चूक होतं, हे मला नंतर कळलं आणि तेव्हा माझी मान खाली गेली. २००१ सालीच अरबआइज नावाचा प्रकल्प सुरू झाला होता, निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी इंटरनेटवर जमून लिनक्सवर अरबी आणायचं काम हातात घेतलं, केडीई, ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपची भाषांतरं, फाँट, शब्दसंग्रह, सगळं. आमिरी नावाचा जो सुंदर फाँट आज सगळीकडे दिसतो तो खालिद होस्नी या इजिप्शियन माणसाने कैरोच्या बुलाक छापखान्याच्या जुन्या खिळ्यांवरून बेतला आणि मोकळा करून दिला. २००८ ला विकिमॅनिया ही विकिपीडियावाल्यांची परिषद अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात झाली होती. आणि मस्कतमध्येच, २०१३ ला, सुलतान काबूस विद्यापीठात मुक्त सॉफ्टवेअरवर परिषद झाली होती. मी हे काहीच न वाचता ‘चला आता सुरू करू’ म्हणत होतो. मित्रालाही मी पहिलं हेच सांगितलं, की आधी कोणकोण काय करून गेलंय ते शोध, त्यातले निम्मे लोक अजून आहेत आणि विचारलं तर आनंदाने येतात.

पहिला कार्यक्रम आम्ही एका कॉलेजच्या विद्यार्थी ग्रुपच्या आत घेतला. इथे स्वतंत्र संस्था काढायची तर सरकारी परवानगी लागते, आणि मी तर परदेशी माणूस, त्यामुळे विद्यार्थ्यांचा ग्रुप पुढे आणि मी मागे हे अगदी योग्यच होतं. साठेक मुलंमुली आली, मुली जास्त. खजूर, वेलदोड्याचा काहवा, हलवा. मी इंग्रजीत दोन तास गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकवलं, सगळ्यांनी छान टिपणं घेतली, फोटो काढले, आणि पुढच्या महिन्याभरात आलेले पॅच दोन. त्यातला एक माझ्या ऑफिसमधल्या केरळच्या मुलाचा.

मी फार खचलो होतो. तेव्हा त्या ग्रुपमधली एक मुलगी, तिसऱ्या वर्षाला होती, तिने मला सरळ विचारलं की उस्ताद, तुमची लायब्ररी अरबीसाठी आहे तर तिची माहिती इंग्रजीत का? मी म्हटलं प्रोग्रामरना इंग्रजी येतंच. ती म्हणाली, “वाचायला येतं. पण चुकलो तर सगळ्या जगासमोर इंग्रजीत चुकायचं, हे नाही जमत.” मला लगेच माझा पुण्यातला पहिला पॅच आठवला, तीन दिवस मी त्या चार ओळींचं इंग्रजी तपासत बसलो होतो, कोड नव्हे, इंग्रजी. तर त्या दिवसापासून नियम केला, इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, अरबीत लिहा, प्रश्न अरबीत विचारा, आणि उत्तरही अरबीत मिळेल. मला येत नव्हतं म्हणून उत्तराचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं आणि खरं सांगतो, ग्रुप तिथून सुरू झाला. कार्यक्रमातून नाही झाला.

दुसरा नियम त्यातूनच निघाला. कुणाचा पहिला पॅच आला की २४ तासांत माणसाने लिहिलेलं उत्तर गेलं पाहिजे, तो मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील, होवो न होवो. नुसतं ‘बघतो’ नाही, त्याच्या कोडमधल्या एखाद्या ओळीबद्दल काहीतरी. यासाठी आम्ही पाळ्या लावल्या, आठवड्याला दोघं. बाकी काही विसरलं तरी चालेल पण पाळी चुकवायची नाही. ज्याला पहिल्या दिवशी उत्तर गेलं तो बहुतेक परत आला, आणि ज्याला आठवडा लागला तो गेला तो गेलाच, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता भाषांतराची गंमत सांगतो, कारण यात मला सगळ्यात जास्त मिळालं. आम्ही लायब्ररीच्या जोडीला एक छोटं पावती-बिलाचं ॲप केलं आणि त्याच्या स्क्रीनवरचे शब्द अरबीत करायला बसलो. ‘ड्राफ्ट’ला काय म्हणायचं? ‘मुसव्वदा’. मी उडालोच. मसुदा! ‘डिटेल्स’ला ‘तफासील’, आपला तपशील. अकाउंटला ‘हिसाब’. भाषांतराला ‘तर्जमा’, आपल्या जुन्या मराठीतला तर्जुमा. कॉम्प्युटरला शुद्ध अरबीत ‘हासूब’, म्हणजे हिशेब करणारा, मुळाक्षरं तीच. फारसीमार्गे आपल्याकडे आलेले शब्द परत त्यांच्या माहेरी भेटत होते. आणि ‘फ्री’ या शब्दाच्या ज्या अर्थावर इंग्रजीवाले कायम अडखळतात तो अरबीत सरळ सुटतो, ‘हुर्र’ म्हणजे मुक्त आणि ‘मज्जानी’ म्हणजे फुकट. मी त्यांना सांगितलं मराठीतही दोन वेगळे शब्द आहेत, तर बैठकीतले सगळे खूश.

वादही पुष्कळ झाले. डाउनलोडला काय म्हणायचं यावर तीन आठवडे गेले. एकांचं म्हणणं ‘तन्झील’, म्हणजे खाली उतरवणं. दुसरे म्हणाले ‘तहमील’. पण तहमील म्हणजे लादणं, भरणं, आणि काही देशांत लोक अपलोडलाही तोच शब्द वापरतात, मग बटणावर तहमील लिहिलं तर फाइल येणार की जाणार? शेवटी तन्झील आणि अपलोडला ‘रफअ’ म्हणजे उचलणं, असं ठरलं. मोबाइलला ओमानमध्ये ‘नक्काल’, सौदीत ‘जव्वाल’, इजिप्तमध्ये ‘महमूल’. जुलै महिना इजिप्तमध्ये ‘यूल्यू’, सीरियात ‘तम्मूझ’, अल्जीरियात ‘जुवीलिया’. आकडे मस्कत-कैरोकडे त्यांचे वेगळे, ज्यांना अरबीत ‘हिंदी आकडे’ म्हणतात, आणि मोरोक्कोत इंग्रजीत चालतात तेच. अरब जग म्हणजे एक भाषा एक लोक असं मी बाहेरून धरून चाललो होतो. आम्ही शेवटी सगळ्यांसाठी एक साधं अरबी ठेवलं आणि महिने नि आकडे देशाप्रमाणे बदलतील असं केलं, त्यासाठी लागणारी माहिती युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहात तयार मिळते.

अनेकवचन तर बघाच. मराठीत एक फाइल, अनेक फाइली, संपलं. अरबीत सहा प्रकार हाताळावे लागतात, शून्याला वेगळं, एकाला ‘मलफ’, दोनला ‘मलफान’, तीन ते दहा ‘मलफात’, अकरा ते नव्व्याण्णव ‘मलफन’ आणि शंभरला परत ‘मलफ’. शाळेत संस्कृत होतं म्हणून द्विवचन मला ओळखीचं, पण बाकीचं नाही. माझ्या कोडमध्ये ‘एक असेल तर हे नाहीतर ते’ असं जिथेजिथे लिहिलं होतं ते सगळं उपटून काढावं लागलं. हे काम इराकच्या एका मुलाने केलं, त्याचा तो पहिलाच ओपन सोर्स पॅच, चारशे ओळींचा. त्याच मुलामुळे कळलं की इराकमध्ये शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत पेपर फुटू नयेत म्हणून सकाळी काही तास इंटरनेट बंद करतात, अल्जीरियातही केलं गेलंय. म्हणून जूनमध्ये आम्ही रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, ठेवत नाही.

बैठकीची वेळ ठरवणं हेही एक कामच. ओमानला सुट्टी शुक्रवार-शनिवार, ट्युनिशिया-मोरोक्कोला शनिवार-रविवार, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक शनिवार. रमजानमध्ये रात्री तरावीहच्या नमाजनंतर, आणि त्या महिन्यात मोरोक्को आपलं घड्याळ तासभर मागे घेतं, ते पहिल्या वर्षी आम्हाला माहीत नव्हतं म्हणून तिकडची दोघं रिकाम्या मीटिंगमध्ये बसून राहिली. शिवाय व्हॉट्सॲप कॉल इथे चालायचा नाही, त्यामुळे बरंचसं बोलणं लिहूनच व्हायचं. ते बरंच झालं असं आता वाटतं, लिहिलेलं राहतं आणि जो आज आला नाही तो उद्या वाचतो.

आता एक जड गोष्ट. सुरुवातीच्या कार्यक्रमांत मी फोटोंचा फार आग्रह करायचो, ग्रुप दिसला पाहिजे म्हणून. दमास्कसहून आलेला एक जण दर वेळी कॅमेरा आला की पाणी प्यायला उठायचा. मला वाटायचं लाजतोय. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बासिल खर्ताबिलची बातमी आली. १९८१ चा जन्म, सीरियातला ओपन सोर्स डेव्हलपर, क्रिएटिव्ह कॉमन्स, मोझिला, विकिपीडिया सगळीकडे काम केलेला, २०१० ला दमास्कसमध्ये त्याने आयकी लॅब नावाची सगळ्यांना येऊन शिकता येईल अशी जागा सुरू केली होती. १५ मार्च २०१२ ला त्याला अटक झाली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला मारून टाकलं होतं हे घरच्यांना जवळपास दोन वर्षांनी कळलं. आमच्या त्या दमास्कसच्या मित्राने ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं की मला गिट त्या खोलीत बसून समजलं. त्यानंतर मी फोटो बंद केले. ज्याला टोपणनावाने काम करायचंय त्याने करावं, खरं नाव, गाव, कंपनी कुणी विचारायची नाही, हा नियम तेव्हा लिहिला गेला आणि तो सगळ्यात वर आहे. पुण्यात मला हे कधी सुचलंच नसतं.

२०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकन निर्बंधांमुळे एका मोठ्या कोड होस्टिंग साइटने सीरियातल्या लोकांचे खाजगी रेपो, म्हणजे कोड साठवायचे कप्पे, बंद केले. आमचा रेपो सार्वजनिक होता म्हणून चालू राहिला, पण आमच्या एका मुलाचं दोन वर्षांचं सरावाचं काम एका सकाळी दिसेनासं झालं. त्या आठवड्यात आम्ही वर्गणी काढून छोटा सर्व्हर घेतला आणि सगळ्याची रोज रात्री एक नक्कल तिथे जाईल असं केलं. वर्गणीवरून आठवलं, त्याआधी एक कंपनी पैसे द्यायला तयार झाली होती, सहा महिने बोलणी झाली आणि शेवटच्या मसुद्यात निघालं की नवीन कोड आधी सहा महिने फक्त त्यांना मिळावा. आम्ही नाही म्हटलं. वाईट वाटलं, कारण त्या पैशात कैरोला सगळे एकदा प्रत्यक्ष भेटणार होते.

त्याच उन्हाळ्यातली खार्तूमच्या मुलाची गोष्ट मी कुणालाही सांगतो तेव्हा मला भरून येतं. तो आमचा छपाईचा भाग सांभाळायचा, ओळ पानाच्या दोन्ही कडांना नीट बसावी म्हणून अरबीत अक्षरांमधली रेघ लांबवतात, कशिदा म्हणतात त्याला, ते कोडमध्ये बसवायचं चिवट काम त्याच्याकडे होतं. जूनच्या सुरुवातीला सुदानमध्ये इंटरनेट बंद झालं. त्याच्या पाळीचा आठवडा आला आणि गेला. फोन लागेना. ग्रुपमध्ये कुणी काही बोलत नव्हतं, पण रोज कुणीतरी त्याच्या शेवटच्या इश्यूखाली एक ‘सलाम’ टाकून जायचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी रुवीच्या मार्केटमध्ये भाजी घेत होतो आणि खिशात फोन थरथरायला लागला, थांबेचना. बघतो तर त्याचे कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल. गिटला कमिट करायला नेट लागत नाही, पाठवायला लागतं. सव्वा महिनाभर तो वीज असेल तेव्हा बसून काम करत होता आणि नेट आल्या आल्या सगळं एकदम ढकललं होतं. एकतीस कमिट, प्रत्येकावर आपापली तारीख. १४ जूनच्या कमिटचा संदेश होता, ‘लांब रेघ आता लाम-अलिफच्या मध्ये शिरत नाही’. मी भाजीवाल्याच्या पेटीवर पिशवी ठेवून तिथेच ते सगळं वाचलं.

करोनात सगळेच घरात, त्यामुळे नवीन लोक खूप आले, आणि त्याच काळात मी मर्जचे अधिकार हळूहळू सोडले. मुद्दाम सोडले. अरबीचं कुठलं वाक्य बरोबर हे ठरवायला सांगलीचा माणूस नको, ही गोष्ट मला पटायला तीन वर्षं लागली, पण पटली. आता मुख्य मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी, तीच मुलगी आहे जिने मला माहिती इंग्रजीत का असं विचारलं होतं, ती ओमानमधल्याच निझ्वाला नोकरी करते. रिलीजची माहिती आधी अरबीत निघते आणि एक-दोन दिवसांनी इंग्रजी, ती इंग्रजी करायचं काम मी मागून घेतलंय, शब्दकोश घेऊन बसतो, चुकलं तर रत्नागिरीचे काका आता गावी असतात त्यांना फोन लावतो.

गेल्या दिवाळीत सांगलीला होतो. रात्री सवयीने लॅपटॉप उघडला तर मॉरिटानियातल्या नुआकशोतहून कुणाचा तरी पहिलाच पॅच आलेला, तारखेच्या दोन ओळी दुरुस्त केलेल्या. उत्तर लिहायला घेतलं तर खाली निझ्वाहून उत्तर आधीच आलेलं होतं, चाळीस मिनिटांत, त्याच्या दुसऱ्या ओळीबद्दल नेमका प्रश्न विचारून. मी ते अक्षर अक्षर जुळवत दोनदा वाचलं आणि लॅपटॉप बंद केला, बाहेर पोरं भुईचक्र लावत होती तिकडे गेलो.